आवडत्या बँडचा नंतरचा अल्बम: परीक्षणं कशी वाचावीत

बँडच्या पहिल्या अल्बमचं परीक्षण आणि सहाव्या अल्बमचं परीक्षण एकाच नजरेने वाचून चालत नाही. पहिल्या वेळी समीक्षकासमोर फक्त तो अल्बम असतो. सहाव्या वेळी आधीचे पाचही त्याच्या कानात वाजत असतात, आणि त्या पाचांवर जीव टाकणाऱ्यांच्या अपेक्षा डोक्यावर असतात. तो नव्या गाण्यांबद्दल लिहितोय की जुन्या गाण्यांच्या आठवणीबद्दल, हे वाचणाऱ्याला वेगळं काढता आलं पाहिजे. सरावाने ते जमतं. कसं, ते सांगते.

मी ठाण्यात नौपाड्याला राहते, नोकरीला बेलापूरला जाते. शनिवारी संध्याकाळी आमच्याकडे काही मंडळी जमतात. एक अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत न थांबवता ऐकायचा, मग चहा, मग त्या अल्बमवर जे लिहून आलंय ते मोठ्याने वाचायचं, असा शिरस्ता आहे. या बैठकीत सगळ्यात जोरदार वाद झाला तो आर्क्टिक मंकीज या ब्रिटिश रॉक बँडच्या सहाव्या अल्बमवर, 'ट्रँक्विलिटी बेस हॉटेल अँड कसिनो'वर. माझी भाची ऐरोलीला कॉलेजात आहे, तिला त्यांचा आधीचा 'एएम' तोंडपाठ. हा मात्र तिने दोन गाण्यांनंतर बंद केला आणि मला म्हणाली, "मावशी, एक रिव्ह्यू म्हणतो जबरदस्त, दुसरा म्हणतो कंटाळवाणा. दोघांनी एकच अल्बम ऐकलाय ना?"

प्रश्न रास्त आहे. अल्बम एकच ऐकलाय, पण दोघांनी तो वेगवेगळ्या गोष्टींशी ताडून पाहिलाय. म्हणून इथे उदाहरणाला हाच अल्बम घेते.

आधी ऐकायचं, मग वाचायचं

परीक्षण आधी वाचलं की कान बांधले जातात. 'यात गिटारच नाही' असं वाचून बसलात तर पूर्ण वेळ तुम्ही गिटार शोधत राहाल आणि पियानो काय करतोय तिकडे लक्षच जाणार नाही. (गिटार आहे, बरं का. मागे आहे, जपून वापरलेली आहे. 'नाही' हे चूक.) पहिलं ऐकणं कोरं ठेवा. ज्या दिवशी अल्बम येतो त्या दिवशी मोबाइलवर मतांचा पाऊस पडतो, तेवढा एक दिवस तिकडे फिरकू नका.

ऐकायला अशी जागा निवडा जिथे अल्बम मध्येच थांबवायला निमित्त नसेल. मला ठाणे-पनवेल गाडी सोयीची पडते. हा अल्बम ११ गाण्यांचा, सुमारे ४१ मिनिटांचा. ठाण्याहून गाडी सुटताना सुरू केला की बेलापूरच्या आसपास संपतो. पहिलं गाणं, 'स्टार ट्रीटमेंट', जवळपास ६ मिनिटांचं आहे; ऐरोली जवळ येते तेव्हा कुठे ते संपतं. सकाळची गर्दीची गाडी मात्र या कामाला घेऊ नका, दारात उभं राहून पियानोचे हलके स्वर ऐकू येत नाहीत. रविवारी दुपारी निघा, बाहेरचा आवाज अडवणारे इअरफोन लावा, आणि शफल बंद आहे ना ते आधी तपासा. नंतरच्या काळातल्या अल्बममध्ये गाण्यांचा क्रम हा बऱ्याचदा मुद्दाम बांधलेला असतो. तो मोडला तर तुम्ही दुसरंच काहीतरी ऐकलं.

ख्यालाची विलंबित लय सुरू असताना आपण पहिल्याच मिनिटाला द्रुत तान मागत नाही. तोच धीर इथे हवा. पहिल्या ऐकण्यात हा अल्बम एका सुरातला वाटतो, कारण गाण्यांची लय जवळजवळ सारखी आहे आणि सहज गुणगुणावीत अशी ध्रुवपदं कमी आहेत. दुसऱ्या ऐकण्यात बासची वळणं कानात भरतात. तिसऱ्या ऐकण्यात शब्द. तीनदा ऐकल्याशिवाय मत बनवायचं नाही, एवढा नियम आमच्या बैठकीत आम्ही पाळतो.

पहिल्यांदा ऐकून झाल्या झाल्या तीन ओळी लिहा: कुठलं गाणं परत लावावंसं वाटलं, कुठे लक्ष उडालं, आणि आधीच्यापेक्षा कानाला काय वेगळं लागलं. 'आवडला' किंवा 'नाही आवडला' हे त्यात लिहायचं नाही. या तीन ओळी म्हणजे तुमची स्वतःची साक्ष, आणि पुढे परीक्षणं वाचताना ती हाताशी असावी लागते.

बँडचा हिशेब एका पानावर

मग वहीचं एक पान घ्या आणि त्यावर त्या बँडचे सगळे अल्बम साल घालून मांडा. आर्क्टिक मंकीजचं पान असं दिसतं. गाव शेफील्ड, इंग्लंड. कंपनी डॉमिनो, म्हणजे मोठ्या कंपन्यांबाहेरची, स्वतंत्र. जानेवारी २००६मध्ये पहिला अल्बम. ब्रिटनमध्ये पहिल्याच आठवड्यात ३,६०,०००हून जास्त प्रती खपल्या आणि त्याच वर्षी ब्रिटनमधला अल्बमसाठीचा मानाचा मर्क्युरी पुरस्कारही मिळाला. २००७ला दुसरा. २००९ला 'हंबग', ज्याच्या काही भागासाठी अमेरिकेच्या वाळवंटात जाऊन 'क्वीन्स ऑफ द स्टोन एज' बँडच्या जॉश होमबरोबर काम केलं, आणि आवाज जड, संथ झाला. २०११ला चौथा. २०१३ला 'एएम', जाड रिफ (गिटारवर पुन्हा पुन्हा येणारी छोटी चाल), हिप-हॉपच्या वळणाचा ठेका, जगभर गाजलेला. मग पाच वर्षांची शांतता. ११ मे २०१८ला 'ट्रँक्विलिटी बेस'. ऑक्टोबर २०२२ला 'द कार'.

हे पान समोर असलं की पुष्कळ गोष्टी आपोआप उलगडतात. परीक्षणात 'बँडने अचानक दिशा बदलली' असं आलं तर तुम्ही पानावर बोट ठेवून म्हणू शकता, अचानक कुठे, 'हंबग'च्या वेळीही बदलली होती, आणि तेव्हाही मतं फाटली होती. पाच वर्षांचं अंतर दिसलं की कळतं, लोक 'एएम'च्या पुढच्या भागाची वाट पाहत होते. त्यांच्या हातात आला चंद्रावरच्या काल्पनिक हॉटेलाबद्दलचा, पियानोवर रचलेला अल्बम. नावातलं ट्रँक्विलिटी बेस म्हणजे १९६९ला अपोलो ११ जिथे उतरलं ती जागा. गायक अ‍ॅलेक्स टर्नरला तिसाव्या वाढदिवसाला मॅनेजरने स्टाइनवेचा उभा पियानो भेट दिला आणि गाणी त्याच्यावर बसली. मुखपृष्ठावरचं हॉटेलचं पुठ्ठ्याचं मॉडेलही त्यानेच केलेलं. अल्बमआधी एकही गाणं सिंगल म्हणून सोडलं नाही. म्हणजे कान तयार करायला कुणालाच वेळ मिळाला नाही, समीक्षकालाही नाही आणि भाचीलाही नाही.

पानाच्या खाली एक ओळ वृत्तपत्रांसाठी ठेवा. ब्रिटनमधल्या ज्या एनएमई या संगीत साप्ताहिकाने २००५-०६मध्ये या बँडला डोक्यावर घेतलं होतं, त्याचा छापील साप्ताहिक अंक मार्च २०१८मध्ये बंद झाला, अल्बम येण्याच्या दोनच महिने आधी. एका साप्ताहिकाच्या मुखपृष्ठाने बँडचं भवितव्य ठरायचं तो काळ संपला होता. निवाडा अनेक ठिकाणी, अनेक सुरांत होत होता. परीक्षणं इतकी उलटसुलट वाटण्याचं ते एक साधं कारण आहे.

दोन पेनं घेऊन बसा

हा माझ्या पद्धतीचा गाभा, म्हणून इथे जरा रेंगाळते.

परीक्षण कागदावर छापून घ्या. ठाणे स्टेशनबाहेर झेरॉक्सवाल्याकडे फोनवरून पाठवलं तरी काम होतं. एक निळं पेन, एक लाल. जे वाक्य तुम्ही गाण्यात जाऊन ऐकून तपासू शकता, त्याखाली निळी रेघ. जे वाक्य बँडने काय करायला हवं होतं, लोकांना काय हवं होतं, आधी काय होतं याबद्दल आहे, त्याखाली लाल रेघ. आणि जी वाक्यं गायकाच्या दाढीबद्दल, त्याच्या लॉस एंजेलिसच्या घराबद्दल, मुलाखतीतल्या बोलण्याबद्दल असतील ती पेन्सिलीने नुसती कंसात टाका.

समजा, परीक्षणात या धाटणीची वाक्यं आहेत. 'ड्रम कोरडे आणि संयत आहेत, आवाज खालच्या पट्टीतून एकदम वरच्या कृत्रिम स्वरात चढतो.' निळं. लावा गाणं, ऐका, खरं की खोटं ते पाच मिनिटांत कळतं. 'बँडची ऊर्जा हरवली.' लाल. ऊर्जा म्हणजे काय, वेग की आवाजाची जाडी की मॅट हेल्डर्सची ड्रमवरची ती धावपळ? समीक्षकाने सांगितलेलं नाही, म्हणजे तो 'पहिल्या अल्बमसारखं वाटत नाही' एवढंच म्हणतोय. 'पाच वर्षं थांबलो ते यासाठी?' लाल, आणि गडद लाल.

आता इथे बहुतेक जण थांबतात: लाल म्हणजे वाईट परीक्षण, निळं म्हणजे चांगलं. तसं नाही. स्तुतीसुद्धा लाल असू शकते. 'धाडसी', 'निर्भीड', 'स्वतःला नव्याने घडवणारा' ही सगळी विशेषणं बँडने मागच्या जागेपासून किती अंतर कापलं एवढंच सांगतात. अंतर कापणं म्हणजे पोचणं नव्हे. कुठल्याही बँडने गिटार ठेवून पियानो उचलला तर तो धाडसी ठरेल. त्या पियानोवर वाजवलं काय, हे त्या शब्दात नाही. मी तर म्हणेन की नंतरच्या अल्बमची खुशामत आणि त्याची हेटाळणी या दोन्ही बऱ्याचदा एकाच लाल शाईने लिहिलेल्या असतात.

एक गाणं जवळून घेऊ, म्हणजे निळं वाक्य कसं दिसतं ते कळेल. 'फोर आउट ऑफ फाइव्ह'. चंद्रावरच्या त्या हॉटेलच्या छतावर एक मेक्सिकन खाण्याचं ठिकाण उघडलंय आणि त्याला परीक्षणात पाचपैकी चार तारे मिळालेत, असा गाण्याचा विषय. गायक जाहिरातीतल्या माणसासारखा, गुळगुळीत आवाजात आमंत्रण देतो. त्या ठिकाणाचं नाव 'इन्फर्मेशन अ‍ॅक्शन रेशो'. मिळणारी माहिती आणि त्या माहितीवर आपल्याला करता येणारी कृती यांचं प्रमाण, अशी ही माध्यमांचे अमेरिकी अभ्यासक नील पोस्टमन यांची कल्पना आहे. आता कान देऊन ऐका: सुरुवातीला बास आणि ठेका हळू, आत्मविश्वासाने चालतात, मागचे आवाज एकेक करून भर घालतात, आणि शेवटाकडे गाण्याची पट्टीच वर सरकत जाते. शब्द तेच, पण प्रत्येक पायरीला आमंत्रण जास्त आग्रही होतं. जाहिरात ऐकता ऐकता आपण तिच्यात ओढले जातो, ते पट्टी बदलण्यामुळे. हे मी लिहिलं ते निळं आहे. तुम्हाला पटलं नाही तर गाणं लावून माझ्याशी भांडता येतं.

आमच्या बैठकीत या गाण्याला सगळ्यांची पसंती मिळाली, भाचीचीसुद्धा. मग तिनेच विचारलं, या गाण्यातली रचना आवडली तर बाकीचा अल्बम का नाही? तिथून खरी चर्चा सुरू झाली. तिचं म्हणणं, 'सायन्स फिक्शन'सारखी गाणी वातावरण उभं करतात पण कुठे जात नाहीत. हे निळं मत होतं, तिने चाल आणि रचना दाखवून मांडलं, आणि मला ते आजही पुष्कळसं मान्य आहे. अल्बमचा उत्तरार्ध पूर्वार्धाइतका सशक्त नाही. शेवटचं 'द अल्ट्राचीज' मात्र तो सावरून घेतं.

रेघा मारून झाल्यावर पान लांबून बघा. सगळं निळंच असेल तर परीक्षण बहुधा कोरडं असतं. सगळंच लाल असेल तर तुमच्या हातात अल्बमची माहिती नाही, अल्बम कसा घेतला गेला त्याची बातमी आहे. तीही उपयोगाची, पण तिचा उपयोग वेगळा. माझं आवडतं परीक्षण दोन-तृतीयांश निळं असतं आणि त्यातलं लाल निळ्याच्या आधाराने उभं असतं.

तारे आणि आकडे

यावर फार वेळ घालवू नये असं माझं मत, पण यंत्रणा माहीत असावी.

मेटाक्रिटिक हे संकेतस्थळ २००१पासून वेगवेगळ्या समीक्षकांचे गुण शंभरात बदलून त्यांची भारित सरासरी काढतं. पाचपैकी चार तारे म्हणजे ८०. समीक्षकाने गुण दिलेच नसतील तर तिथली माणसं मजकूर वाचून आकडा ठरवतात. कुठल्या प्रकाशनाला किती वजन, हे ते उघड करत नाहीत. संगीतासाठी ६१ किंवा जास्त झाले की रंग हिरवा. म्हणजे हिरवा रंग दिसला म्हणून हुरळून जायचं कारण नाही, बहुतेक अल्बम हिरवेच असतात.

सरासरीचा मोठा दोष असा की मतभेद तिच्यात विरघळून जातात. सगळ्यांनी ७५ दिले तरी ७५, आणि निम्म्यांनी ९५ नि निम्म्यांनी ५५ दिले तरी ७५. नंतरच्या अल्बमच्या बाबतीत दुसरा प्रकार जास्त घडतो, आणि आपल्याला रस असतो तो नेमका त्या फाटलेल्या मतांमध्ये. म्हणून सरासरी सोडा. सगळ्यात वरचं एक परीक्षण आणि सगळ्यात खालचं एक परीक्षण निवडा, दोन्ही छापा आणि पेनं काढा. मधली सात-आठ वाचली नाहीत तरी चालेल.

पिचफोर्क या संगीत-समीक्षेच्या संकेतस्थळाचे दशांश गुण इंडी संगीत, म्हणजे मोठ्या कंपन्यांबाहेरचं, स्वतंत्र संगीत ऐकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहेत, ०.० ते १०.०. १९९०च्या दशकात मिनियापोलिसमध्ये रायन श्रायबरने सुरू केलेलं हे काम २०१५ला कोंडे नास्ट या प्रकाशन कंपनीने विकत घेतलं आणि जानेवारी २०२४मध्ये आपल्या जीक्यू मासिकाच्या छत्राखाली नेलं. ८.१ आणि ८.३ यांतला फरक कानाला कळत नाही. तो आकडा संपादकांनी त्या आठवड्यात कोणता अल्बम पुढे ठेवायचं ठरवलं ते सांगतो, एवढंच समजून पुढे जा.

परीक्षणाखालची तारीख बघा

मजकुराइतकीच तारीख महत्त्वाची. पहिल्या दिवसाचं परीक्षण, वर्षअखेरची यादी आणि दहा वर्षांनी पुनर्मुद्रणाच्या निमित्ताने आलेलं परीक्षण ही तीन वेगळी माणसं बोलत असतात, लिहिणारा एकच असला तरी. पहिल्या दिवसाचं लिहिणाऱ्याला अल्बम थोडे दिवस आधी मिळालेला असतो, कधी कधी तेवढाही वेळ नसतो. नवं वळण घेतलेल्या अल्बमला तो वेळ सगळ्यात कमी पडतो.

रेडिओहेडचा 'किड ए' ऑक्टोबर २०००मध्ये आला. तीन वर्षांआधीच्या 'ओके कॉम्प्युटर'ने गिटार बँडचं शिखर गाठलं असं सगळे म्हणत होते, आणि यांनी गिटार जवळजवळ बाजूला ठेवून इलेक्ट्रॉनिक आवाज घेतले. सिंगल नाही, नेहमीचे व्हिडिओ नाहीत. ब्रिटनच्या मेलडी मेकर साप्ताहिकाने त्याला झोडपलं, पिचफोर्कने १०.० दिले. दशक संपताना रोलिंग स्टोन आणि पिचफोर्क दोघांनीही त्याला दशकातला सर्वोत्तम अल्बम ठरवलं. रेडिओहेड तेव्हा मोठ्या कंपनीकडे होते, पण इंडी बँडच्या नंतरच्या अल्बमबद्दल बोलताना हे उदाहरण टाळता येत नाही, कारण त्यानंतर प्रत्येक वळणदार अल्बमला 'हा यांचा किड ए' म्हणायची समीक्षकांना सवयच लागली. तो उल्लेख दिसला की लाल रेघ मारा.

वीझरच्या 'पिंकर्टन'चं तर आणखी टोकाचं. १९९६ला आला तेव्हा रोलिंग स्टोनच्या वाचकांनी त्याला वर्षातल्या सर्वांत वाईट अल्बमांमध्ये टाकलं. २००४ला त्याच मासिकाने त्याला पाच तारे दिले, आणि २०१०च्या पुनर्मुद्रणाला पिचफोर्कने १०.०. गाणी एका सुरानेही बदलली नव्हती. मधल्या काळात ती ऐकून मोठी झालेली मुलं लिहू लागली होती.

उलटही घडतं. ऑक्टोबर २०२१मध्ये पिचफोर्कने आपल्याच काही जुन्या गुणांची फेरतपासणी छापली. डाफ्ट पंकच्या 'डिस्कव्हरी'ला ६.४चे १०.० झाले, तर इंटरपोलचा पहिला अल्बम ९.५वरून ७.०वर उतरला. लिझ फेअरच्या २००३च्या अल्बमला दिलेला ०.० हा ६.० झाला. १९९३च्या 'एक्झाइल इन गायव्हिल'ने इंडी रॉकमध्ये मानाचं पान मिळवलेली ही बाई उघड पॉप गाणी घेऊन आली, याचा राग त्या शून्यात होता. लिहिणाऱ्या समीक्षकाने २०१९ला जाहीर माफीही मागितली. नंतरच्या अल्बमचं परीक्षण लाल शाईने लिहिलं की काय होतं, त्याचा हा धडधडीत नमुना. मला त्या शून्याचं आजही वाईट वाटतं, कारण एका बाईने आपल्या गाण्यांचं काय करावं हे ठरवण्याचा हक्क तिच्या चाहत्यांनी स्वतःकडे घेतला होता.

म्हणून वहीत प्रत्येक परीक्षणाशेजारी तारीख लिहा आणि शक्य असेल तिथे एकाच अल्बमवरचं पहिल्या आठवड्यातलं एक आणि पाच वर्षांनंतरचं एक अशी जोडी लावा. 'ट्रँक्विलिटी बेस'च्या बाबतीत 'द कार'ची परीक्षणं ही जोडी आयती पुरवतात. २०२२मध्ये व्हायोलिनचे ताफे, संथ गाणी पुन्हा आली, पण स्वागत आधीपेक्षा एकमुखी झालं. चार वर्षांत कान तयार झाले होते. दोन्ही अल्बमना मर्क्युरीचं नामांकन मिळालं, २०१८ला आणि २०२३ला. २०१८चा पुरस्कार वुल्फ अ‍ॅलिसला गेला.

चाहते, खप आणि स्टेडियम

समीक्षकांची मतं आणि खप या दोन वेगळ्या नोंदी. 'ट्रँक्विलिटी बेस' ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला, आधीच्या पाचांसारखाच, आणि व्हिनाइलची विक्री तर पहिल्या आठवड्यात कित्येक वर्षांत कुणाची झाली नव्हती इतकी झाली. त्यावरून लोकांना आवडला असं लगेच समजू नका. पहिल्या आठवड्याचा खप हा आधीच्या अल्बमवरच्या प्रेमाचा असतो.

चाहत्यांचं मन खरं बघायचं तर कार्यक्रमात बघा. १५ डिसेंबर २०१९ला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर यू-टू हा आयरिश रॉक बँड आला होता. इंडी नव्हेत, पण मुद्दा तोच. दौरा होता 'द जोशुआ ट्री'चा, १९८७चा अल्बम अख्खा, क्रमाने. त्यानंतर त्यांनी कितीतरी अल्बम काढले होते, आणि लोक जमले ते बत्तीस वर्षांपूर्वीच्या गाण्यांसाठी. मीही. पामबीच रोडवरून परतताना गाडीत सगळे तीच गाणी म्हणत होते. नंतरच्या अल्बमला कशाशी झुंजावं लागतं ते त्या रात्री डोळ्यांनी दिसलं. परीक्षण लिहिणारा समीक्षकही त्या गर्दीतलाच एक असतो, हे ध्यानात ठेवून त्याला वाचा.

आपल्याकडचे बँड

इथे पेनांचा उपयोग थोडा बदलतो. आपल्याकडे रॉकवर गांभीर्याने लिहिणारी जागा मुळात कमी. १९९३ला अलाहाबादहून रॉक स्ट्रीट जर्नल निघालं, २००८ला रोलिंग स्टोनची भारतीय आवृत्ती आली, पण बाकी बरंचसं म्हणजे बँडने पाठवलेलं निवेदन थोडं फिरवून छापणं. वर्तुळ लहान, सगळे एकमेकांना ओळखतात, त्यामुळे कडक लिहायला हात धजत नाही. म्हणून इथे परीक्षण तपासताना बँडच्या स्वतःच्या निवेदनातली वाक्यं आधी शोधून काढा आणि खोडा. उरेल ते समीक्षकाचं.

आणि उरलेलं काम आपण करायचं. दिल्लीच्या पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनीचा २०१९चा 'बिस्मिल्ला' आणि २०२४चा 'बीटा' एकापाठोपाठ ऐका. द लोकल ट्रेनचा २०१५चा 'आलस का पेड' आणि २०१८चा 'वाकिफ' ऐका. या जोड्यांवर तुम्ही मराठीत जे लिहाल त्याच्या आधी त्याबद्दल मराठीत फारसं काही लिहिलेलं नसेल. कान बांधणारं कुणी नाही, ही मोठी मोकळीक आहे.

मग स्वतः लिहा

वाचून, रेघा मारून झालं की तीनशे शब्द स्वतःचे. सुरुवात एका गाण्यापासून करा, अल्बमपासून नको. त्या गाण्यात काय ऐकू येतं ते असं लिहा की न ऐकलेल्याला ते शोधता यावं: कुठलं वाद्य पुढे, आवाज कुठे चढतो, शेवट कसा होतो. मग अल्बमकडे या. जुन्या अल्बमचा उल्लेख करायचाच तर एकदाच करा, आणि तोही दोन्हींतली ठोस रचना समोर ठेवून. निवाडा शेवटी, आणि तो स्पष्ट द्या. 'ज्याची त्याची आवड' असं म्हणून सुटका करून घेऊ नका. इतकं ऐकल्यावर तुम्हाला मत असणारच, आणि ते मांडायचा तुम्हाला हक्क आहे.

लिहून झाल्यावर पहिल्या दिवशीच्या त्या तीन ओळी काढून शेजारी ठेवा. जिथे त्या आणि परीक्षण जुळत नाहीत, तिथे मत ऐकून बदललं की वाचून, ते तपासा. वाचून बदललं असेल तर ते गाणं पुन्हा लावा. मग दोन्ही पेनं घेऊन स्वतःच्या तीनशे शब्दांखाली रेघा मारा, तारीख घाला, आणि खाली अर्धं पान कोरं सोडा. वर्षभराने त्याच अल्बमची दुसरी नोंद तिथेच करायची आहे.